नरो वा मोटारो वा

मला मोटार चालवता येत नाही आणि घ्यायचीही नाही. त्यामुळे जुन्या मोटारींच्या जाहिराती मी अगदी निर्मळ मनाने वाचू शकतो. लग्नाला पंचवीस वर्षे झालेल्या माणसाने ‘वधू पाहिजे’चे रकाने वाचावेत, तसे. पूर्वी या जाहिराती वर्तमानपत्रात मुंगीएवढ्या अक्षरांत येत. शब्दागणिक पैसे पडत असल्यामुळे विकणारा मोजके बोले आणि खोटेही मोजकेच बोले. आता जाहिरात मोबाइलच्या पडद्यावर येते. तिथे शब्दाला पैसे पडत नाहीत. खोटे बोलण्यातली काटकसर त्यामुळे संपली.

या जाहिराती म्हणजे एक स्वतंत्र वाङ्मयप्रकार आहे, हे आमच्या समीक्षकांच्या अजून लक्षात आलेले नाही. त्याचे संकेत ठरलेले असतात. गाडी नेहमी डॉक्टरांनी वापरलेली असते. आता, डॉक्टरांच्या हाती सापडलेला माणूस धडधाकट बाहेर पडेलच असे आपण छातीठोकपणे सांगत नाही. पण गाडी मात्र पडते, अशी आपली श्रद्धा आहे. डॉक्टर नसतील तर बाई असतात. ज्या देशात एखादी बाई गाडी मागे घेऊ लागली की पानाच्या टपरीवरचे चार पुरुष हातातला विडा टाकून ‘येऊ द्या, येऊ द्या’ करत धावतात, त्याच देशात गाडी विकताना ‘लेडीज ड्रिव्हन’ हे तिचे सौभाग्यलेणे ठरते. गाडी फक्त रविवारी बाहेर काढलेली असते. सीटची दशा पाहिली तर मालकाच्या आठवड्यात नऊ रविवार येत असावेत. मीटरवरचा आकडा कोवळा असतो. काळाला मागे फिरवणे आमच्या ऋषिमुनींना तप करूनही साधले नाही. ते गॅरेजमधल्या पोराला एका चहाच्या अवधीत साधते. आणि शेवटी येतात ‘किरकोळ काम’ हे दोन शब्द. किरकोळ काम म्हणजे इंजिन सोडून बाकी सगळे, किंवा बाकी सगळे सोडून इंजिन.

आता याला खोटे म्हणायचे का?

प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. वधूवरांच्या जाहिरातीतल्या ‘गृहकृत्यदक्ष’ मुलीला चहा करता आला तरी पुष्कळ, आणि ‘निर्व्यसनी’ मुलगा फक्त स्वतःच्या पैशाने पीत नाही, हे दोन्ही पक्षांना ठाऊक असते. सांगणारा चार आणे वाढवून सांगतो, ऐकणारा चार आणे वजा करून ऐकतो, आणि हिशेब जुळतो. याला अतिशयोक्ती अलंकार म्हणतात. ‘पाच मिनिटांत पोचतोच’ असे फोनवर सांगणारा माणूस अजून आंघोळीला जायचा असतो. त्याला लबाड म्हणायचे ठरवले तर आपल्याला नातेवाईक उरणार नाहीत.

एक पायरी खाली उतरले की मात्र पाय घसरू लागतो. गिअरबॉक्स कण्हतो आहे हे मालकाला ठाऊक आहे. पण गिऱ्हाइकाला फेरी मारून दाखवताना तो रेडिओ मोठ्याने लावतो. तोंडातून एक शब्द खोटा गेलेला नाही. या संप्रदायाचे आद्य पुरुष म्हणजे साक्षात धर्मराज. ‘अश्वत्थामा मेला’ हे मोठ्याने, आणि ‘माणूस की हत्ती’ हे ओठातल्या ओठात. वाक्य खरे, फक्त आवाज कमी-जास्त. त्याची शिक्षा काय झाली पाहा. तोवर जमिनीच्या चार बोटे वरून चालणारा त्याचा रथ खाली टेकला. एवढ्या शिक्षा उपलब्ध असताना ती नेमकी वाहनावर का यावी, हे मला जुन्या गाड्यांचा बाजार पाहिल्यावर कळले. ‘एकाच मालकाचा, धर्मराजांनी वापरलेला’ असूनही त्या रथाची किंमत त्या क्षणी निम्मी झाली असणार.

विकणाऱ्याने किती सांगावे आणि किती गिळावे, हा वाद आपल्याच देशात झाला असे नाही. इसवी सनापूर्वी ४४ साली रोमच्या सिसरोने कर्तव्यांवर एक ग्रंथ लिहिला. मुलगा अथेन्सला शिकायला होता, त्याला उद्देशून. (मुलाने बहुधा पैसे मागितले असावेत, बापाने तीन खंड पाठवले.) त्यात त्याने दोन तत्त्वज्ञांचा वाद सांगितला आहे. एक बॅबिलोनचा डायोजिनीस, म्हणजे पिंपात राहणारा तो नव्हे, हा वेगळा. दुसरा त्याचाच शिष्य अँटिपॅटर. एका माणसाला घर विकायचे आहे. घर रोगट, लाकूड कुजके, आणि निजायच्या सगळ्या खोल्यांत साप निघतात. हे मालकाखेरीज कुणालाच ठाऊक नाही. त्याने सांगावे की नाही? गुरूच्या मते कायदा सांगेल तेवढे सांगावे, बाकी गप्प बसावे. स्वतःचे घर विकताना ‘रोगट घर घ्या हो’ अशी दवंडी पिटणारा मालक कुणी पाहिला आहे? शिष्याचे म्हणणे, विकणाऱ्याला जे जे ठाऊक ते ते सगळे घेणाऱ्याला कळलेच पाहिजे. सिसरो शिष्याच्या बाजूने पडला. मीही पडलो असतो. मला सापांची भीती वाटते.

त्याच ग्रंथात आणखी एक गोष्ट आहे. कॅनियस नावाचा रोमन गृहस्थ विश्रांतीसाठी सिराक्यूजला गेला आणि एखादी लहानशी बाग विकत घ्यावी म्हणतो, असे चारचौघांत बोलून बसला. तिथल्या पायथियस नावाच्या पेढीवाल्याने ते ऐकले. “माझी बाग विकायची नाही, पण आपलीच समजून वापरा,” म्हणून त्याने कॅनियसला दुसऱ्या दिवशी जेवायला बोलावले; आणि तिकडे गावातल्या कोळ्यांना सांगून ठेवले, की उद्या माझ्या बागेपुढे येऊन मासे धरा. कॅनियस येऊन पाहतो तर समोर होड्याच होड्या, आणि प्रत्येक कोळी धरलेले मासे आणून पायथियसच्या पायाशी ओततो आहे. “हे काय?” तर म्हणे, गावातला सगळा मासा इथेच मिळतो. कॅनियसने हट्टाने, मागितली ती किंमत मोजून बाग घेतली, आणि दुसऱ्याच दिवशी मित्रांना जेवायला बोलावले. समुद्र मोकळा. एक वल्हेसुद्धा नाही. शेजाऱ्याला विचारले, “आज कोळ्यांचा सण आहे का हो?” शेजारी म्हणाला, “मला तरी ठाऊक नाही. इथे कधी कुणी मासे धरत नाही. काल काय झालं होतं याचंच मला नवल वाटत होतं.”

दोन हजार वर्षांत जाहिरातीचे शास्त्र फारसे पुढे गेलेले नाही, हे यावरून दिसेल. तरी पायथियसच्या बाजूने एक गोष्ट मान्य केलीच पाहिजे. मासे उसने होते, पण त्याची बाग खरी होती.

आताच्या फसव्या जाहिरातींत गाडीच नसते. आमच्या वेदान्तात दोरीवर साप भासतो म्हणतात. पण तिथे निदान दोरी असते. इथे फक्त फोटो असतो. तो कुणाच्या तरी खऱ्या गाडीचा असतो. ती गाडी त्या वेळी भलत्याच गावी चिंचेखाली उभी असते आणि आपण विकायला निघालो आहोत हे तिला किंवा तिच्या मालकाला ठाऊकही नसते. डॉक्टर, बाई, रविवार, किरकोळ काम या सगळ्या पायऱ्या उतरून आपण तळघरात येतो, तर तिथे पायरीही नाही आणि तळही नाही.

आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर एक निवृत्त हेडमास्तर राहतात. छत्तीस वर्षे त्यांनी गणित शिकवले. सगळी इमारत त्यांना मास्तर म्हणते. गेल्या वर्षी काकूंचे गुडघे आणि बसची पायरी यांचे कायमचे फाटले, तेव्हा मास्तरांनी एक लहानशी जुनी गाडी घ्यायचे ठरवले. चालवायला भाचा होता. मोबाइलवर जाहिरात सापडली. सहा वर्षांची गाडी, किंमत दीड लाख. विकणारा फौजेतला जवान. देवळालीहून जम्मूला बदली झालेली, चार दिवसांत निघायचे, गाडी कुठे नेणार? मास्तरांनी फोन केला. पलीकडून आवाज आला, “जयहिंद सर!”

मग फोटो आले. ओळखपत्राचा, कँटीनच्या कार्डाचा, गणवेशातला. हे सगळे खरे असते. फक्त दुसऱ्याचे असते. पैशाची तर त्याला मुळीच घाई नव्हती. “सर, पहले गाडी देखिए, चलाइए, फिर पैसा दीजिए.” गाडी लष्करी वाहतुकीने दारात येणार होती. तिचा खर्च तेवढा पाच हजार शंभर, आणि तोही गाडी पोचल्यावर परत. मास्तरांनी पाठवले. शिक्कामोर्तबासह पावती आली. मग गेटपासचे पैसे. मग विम्याचे. मग म्हणे, रक्कम दोन हप्त्यांत आल्यामुळे यंत्र घेत नाही, पूर्ण रक्कम पुन्हा एकदा पाठवा, आधीची आपोआप परत येईल. प्रत्येक वेळी मागणी गाडीच्या किमतीपेक्षा लहान, आणि प्रत्येक वेळी ती न भरावी तर आधीचे बुडतात. विहिरीत पडलेली घागर काढायला दोर टाकावा, दोर काढायला गळ टाकावा, तसे. एकूण एकेचाळीस हजार तीनशे रुपये गेल्यावर ‘जयहिंद’ बंद झाले.

हे लोक विकणाऱ्यालाही सोडत नाहीत, हे जाता जाता सांगितले पाहिजे. तुम्ही जुने कपाट विकायला काढा. पलीकडचा घासाघीस न करता सांगितल्या किमतीला तयार होतो (इथेच खरे तर पोलिसांना बोलवावे) आणि पैसे पाठवतो म्हणून एक चौकटींचे चित्र पाठवतो. ते टिपा आणि पिन घाला म्हणतो. २०१६ साली यूपीआय आले तेव्हापासून आजपर्यंत पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागलेला नाही. तो फक्त देण्यासाठी लागतो. घरात येणाऱ्या पाहुण्याने आपल्याकडे तिजोरीची किल्ली मागावी, तसे ते आहे.

मास्तरांनी चार दिवस ही गोष्ट कुणालाच सांगितली नाही. काकूंनाही नाही. “गाडी वाटेत आहे,” असे सांगत राहिले. पाचव्या दिवशी काकूंनी ‘अशी कुठली वाट आहे ती?’ म्हणून विचारले, तेव्हा ते बोलले. आणि मग जिन्यात सभा भरली.

‘मी असतो तर’ ही महाराष्ट्रातली सर्वांत मोठी, नोंदणी न झालेली संस्था आहे. तिच्या सभेला गणसंख्येची अडचण कधी येत नाही. दुसऱ्या मजल्यावरचे, बँकेतून निवृत्त झालेले काका म्हणाले, “मी असतो तर पहिल्या फोनलाच ओळखलं असतं.” या काकांनी १९९४ साली सागाच्या झाडांत पैसे गुंतवले होते. एकेक झाड वीस वर्षांत लाखाचे होणार होते. ते जंगल अजून कुणी पाहिलेले नाही. तिसऱ्या मजल्यावरचा मुलगा म्हणाला, “मास्तर, गणित शिकवलंत ना हो तुम्ही?” आणि हशा झाला. मास्तरही हसले. त्या हसण्याकडे पाहवत नव्हते. सेक्रेटरींनी समारोप केला, “लोभ! दुसरं काय? दीड लाखात गाडी मिळते होय?”

हा लोभाचा मुद्दा मला तपासून पाहावासा वाटतो. कोथिंबिरीची दहा रुपयांची जुडी सात रुपयांना मागणारा माणूस व्यवहारी. दिवाळीच्या सेलमध्ये अर्ध्या किमतीत मिक्सर साधणारी बाई हुशार. बाजारभावापेक्षा पाच लाखांनी स्वस्त फ्लॅट मिळवणारा तर कुटुंबातला चाणक्य. त्याच्या वास्तुशांतीला आपण जिलबी खातो. तोच माणूस फसला की लोभी. म्हणजे लोभ आणि चातुर्य यांत पेपर एकच असतो, फक्त निकाल वेगळा लागतो. आणि निकालावरून नीती ठरवायची, तर मग न पकडला गेलेला चोर हा उद्योजकच म्हटला पाहिजे.

मास्तर मला नंतर एकदा म्हणाले, “स्वस्त होती म्हणून फोन केला, हे खरं. पण पैसे पाठवले ते स्वस्त होती म्हणून नाही हो. माझ्या वर्गातली अकरा पोरं फौजेत गेली. ‘सर’ म्हणून हाक मारणाऱ्या जवानाला ‘तू खरा कशावरून?’ असं विचारायला जीभ रेटेना.”

मला वाटते, सगळी मेख इथे आहे. फसवणारा आपल्या दुर्गुणांवर जगतो, हा समज आपल्याला सोयीचा असतो. कारण दुर्गुण नेहमी दुसऱ्यात असतात आणि आपण सुरक्षित राहतो. पण त्या माणसाने सोंग कुणाचे घेतले ते पाहा. बिल्डरचे घेतले नाही, नगरसेवकाचे घेतले नाही. लेखकाचे तर नाहीच. लेखकाने गाडी विकायला काढली म्हटले असते तर मास्तरांनाही शंका आली असती. त्याने जवानाचे सोंग घेतले. आपल्या मनात अजून कुणाबद्दल आदर शिल्लक आहे याचा त्याने आपल्यापेक्षा बारकाईने अभ्यास केला होता. जिथे आपण दार लावत नाही, तिथूनच तो आत आला. ते दार सताड उघडे ठेवण्याइतकी या घरात माणुसकी होती, हा घरमालकाचा गुन्हा कसा?

आणि यात फक्त मास्तरांची चोरी झाली असेही नाही. जॉर्ज अ‍ॅकरलॉफ नावाच्या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या गाड्यांच्या बाजारावर एक निबंध लिहिला. तीन नियतकालिकांनी तो साभार परत केला होता (हे वाचल्यापासून मला अर्थशास्त्राबद्दल आपुलकी वाटू लागली आहे) आणि पुढे २००१ साली त्याला इतर दोघांबरोबर नोबेल पारितोषिक मिळाले. अमेरिकेत खटारा गाडीला ‘लिंबू’ म्हणतात. आपण लिंबू गाडीपुढे टांगतो, ते लोक गाडीलाच लिंबू म्हणतात. अ‍ॅकरलॉफचे म्हणणे थोडक्यात असे: गाडी चांगली की लिंबू हे विकणाऱ्याला ठाऊक, घेणाऱ्याला नाही. म्हणून घेणारा धास्तीने सगळ्याच गाड्यांना लिंबाच्या जवळची किंमत देऊ करतो. त्या किमतीत चांगली गाडी देणे परवडत नाही, म्हणून चांगल्या गाडीचा मालक बाजारातून उठून जातो. उरतात लिंबे. खोटे बोलणारा माणूस घेणाऱ्याला एकदा फसवतो, पण खरे बोलणाऱ्याला कायमचा उठवतो. खोटारड्याची किंमत शेवटी खरा माणूस भरतो.

उद्या खराच जवान, खरीच बदली झाल्यामुळे, खरीच गाडी विकायला काढील आणि फोनवर “जयहिंद” म्हणेल. पलीकडचा माणूस फोन ठेवून देईल. मास्तरांचे एकेचाळीस हजार कदाचित भरून निघतील. त्या शब्दाचे जे गेले ते कुठल्या बँकेत शोधायचे?

कायदा आहे. फसवणुकीला १८६० पासून ४२० हे कलम होते. ते इतके लोकप्रिय झाले की १९५५ साली त्याच्यावर सिनेमा निघाला. १ जुलै २०२४ पासून नवी न्याय संहिता आली आणि ४२० चे ३१८ झाले. गुन्हा तोच आहे, पण ‘तीनशेअठरा माणूस आहे’ या वाक्यात काही जीव नाही. लबाडांची यात मोठी सोय झाली. आणखी एक योगायोग मला फार बोलका वाटतो. मालविक्रीचा आपला कायदा १९३० सालचा. त्याच्या १६ व्या कलमाचा गाभा, अपवाद सोडले तर, ‘घेणाऱ्या, तूच सावध राहा’ असा आहे. आणि आज ऑनलाइन फसवणूक झाली तर तक्रारीसाठी जो सरकारी फोन नंबर फिरवायचा, तोही १९३०. म्हणजे आधी १९३० म्हणतो, तू सावध राहा. आणि राहिला नाहीस तर १९३० ला फोन कर.

या फोनची एक अट आहे. तो लगेच करावा लागतो. चोरलेले पैसे या खात्यातून त्या खात्यात उड्या मारत जातात, आणि लवकर कळले तर वाटेतल्या एखाद्या बँकेत त्यांना अडवता येते. मास्तरांचे चार दिवस गेले. नंबर ठाऊक नव्हता असे नाही. सोसायटीच्या फळ्यावर तो लावलेला होता, आणि लावला होता मास्तरांनीच. पण फोन केला असता तर पोलीस चौकशीला आले असते, पोलीस आले असते तर वॉचमनला कळले असते, आणि वॉचमनला कळले म्हणजे जिन्यात सभा. मास्तर चोराला भ्याले नव्हते. आपल्याला भ्याले होते.

विनोदी लिहिणाऱ्या माणसाने हे लिहावे हे थोडे विचित्र दिसेल, पण हसणे ही वाटते तितकी निरुपद्रवी वस्तू नाही. घसरून पडलेल्या माणसाला पाहून हसू येते, ते येणारच. प्रश्न एवढाच, की त्या हसण्यामुळे पुढचा पडलेला माणूस हाड मोडले तरी ‘काही नाही, काही नाही’ म्हणत घरी जाणार असेल, तर केळ्याची साल टाकणाऱ्याला आपण भागीदारी दिली की नाही? फसलेल्याला हसणारी इमारत म्हणजे फसवणाऱ्याचे शाखा कार्यालय. भाडे नाही, पगार नाही, आणि काम चोख.

मग काय करावे? कुणावर विश्वासच ठेवू नये? हा सल्ला जिन्यातल्या सभेत एकमताने मंजूर झाला होता. पण तो पाळायचा तर सकाळी दूधवाल्यापासून सुरुवात करावी लागेल आणि रात्रीपर्यंत आपण उपाशी राहू. यावर मला जे उत्तर मिळाले ते सिसरोकडून नव्हे, अ‍ॅकरलॉफकडूनही नव्हे. ते मागच्या गल्लीतल्या निवृत्त सुभेदारांकडून मिळाले.

हे सुभेदार साताऱ्याकडचे. यंदा मुलाकडे बंगळुरूला कायमचे जायचे ठरल्यावर त्यांनी आपली छोटी गाडी विकायला काढली. गल्लीत एकही माणूस बघायला गेला नाही. “पुन्हा फौजी?” म्हणून लोक डोळे मिचकावत. मास्तर गेले. बरोबर मला नेले. मला गाडीतले काही कळत नाही, पण साक्षीदार म्हणून बरा दिसतो. मास्तरांच्या हातात वही, खिशात भिंग. त्यांनी आधी मोबाइलवर सरकारी नोंदीत गाडीचा नंबर घालून पाहिला. मग आरसी मागितली. मग बॉनेट उघडून चॅसिसचा आणि इंजिनाचा नंबर भिंगाने एकेक आकडा वाचून आरसीवरच्या आकड्याशी ताडला. विम्याची तारीख पाहिली. बँकेचा बोजा आहे का, ते पाहिले. २९ आणि ३० नंबरचे फॉर्म भरून सह्या झाल्यावरच चेक देईन म्हणाले. सुभेदारांचे आधारकार्ड मागताना मात्र त्यांचा आवाज खाली आला. “माफ करा हं, सुभेदारसाहेब. तुमच्यावर अविश्वास नाही. पण...”

सुभेदारांनी कार्ड काढून पुढे केले. “माफी कशाची मागता, मास्तर? बघा, नीट बघा. आम्ही ड्यूटीवर कर्नलसाहेबांनासुद्धा पास बघितल्याबिगर आत सोडत नव्हतो. साहेब कधी रागावले नाहीत. जो रागावतो, त्यालाच थांबवायचा असतो.”

मास्तरांनी वहीत काहीतरी लिहून घेतले. बहुधा हेच असावे. सुभेदार मग स्वतःहून सांगू लागले. डावीकडची मागची काच हाताने ढकलावी लागते. दुसरा गिअर थंडीत रुसतो. पंपावर हवा भरताना पुढच्या उजव्या चाकाकडे जास्त लक्ष द्या. आणि हॉर्न. हॉर्न त्याच्या मर्जीने वाजतो. सांगून किंमत कमी होईल याची त्यांना फिकीर नव्हती. ती झालीही, दोन हजारांनी. अँटिपॅटरचे नाव त्यांनी ऐकले नसावे.

चेक दिला गेला, फॉर्मवर सह्या झाल्या आणि रविवारी भाच्याने गाडी आमच्या फाटकात आणली. काकू पायरीचा विचार न करता आत बसल्या. जिन्यातली सगळी सभा खाली उतरली होती. बँकेतल्या काकांनी गाडीला प्रदक्षिणा घातली, बोनेटवर थाप मारली, आणि खिडकीतून हात घालून हॉर्न दाबला. वाजला नाही.

“बघा! मी म्हणालो नव्हतो? फसलात पुन्हा, मास्तर!”

“छे हो,” मास्तर म्हणाले, “तो वाजत नाही, हे सांगूनच दिलाय.”